मार्थाबाईंचं पुस्तक

जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एखादी कादंबरी उचलली की मी आधी पानांच्या कडेवरून अंगठा फिरवते. कुठे पिना लागतात का ते बघते. लागत नाहीत. पुण्यातल्या फुटपाथवरच्या पुस्तकांना कोण पिना मारून ठेवणार? परवा विकणारा माणूस म्हणाला, "पानं पूर्ण आहेत मॅडम, बघा." मी मान हलवली, पुस्तक जागेवर ठेवलं आणि पुढे चालायला लागले. त्याला सांगण्यासारखं होतं, पण मी अनोळखी माणसांना काही सांगत नाही. ओळखीच्यांनाही बेतानंच सांगते. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

उषाताई जिंतूरच्या एका इंग्रजी शाळेच्या ऑफिसात होत्या. दाखले, फी, हजेरीपट, शिक्के, सगळं त्यांच्याकडे. ऑफिसला लोखंडी गजांची एक खिडकी होती आणि पालकांची सगळी कामं त्या खिडकीतूनच चालायची. आत उषाताई, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल आणि उजव्या अंगठ्यावर शिक्क्याची जांभळी शाई. ती शाई पूर्ण निघालेली मी कधी पाहिली नाही. मी त्या शाळेत दुसरीला शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. मी परभणीहून एसटीनं अपडाउन करायचे. सुरुवातीला मी "गुड मॉर्निंग" आणि "थँक यू" याखेरीज फारसं काही बोलत नसे. स्टाफरूममध्ये मला शिष्ट समजायचे. मी शिष्ट नव्हते. बोलणं कुठून सुरू करायचं हे मला कळत नसे, इतकंच.

सुरुवात उषाताईंनी केली. एका मधल्या सुट्टीत त्यांनी खिडकीतून हाक मारली.

"ओ दुसरीच्या मॅडम, इकडं या जरा. तुमी लहानपणापासून इंग्लिशमधीच शिकलात ना?"

मी हो म्हणाले.

"मग हे कॅसरोल म्हणजे काय ते सांगा."

मी सांगितलं, ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ असतो, मॅकरोनी, चीज, भाज्या वगैरे घालून. मी स्वतः तो कधी खाल्लेला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचं समाधान झालं नाही.

"ते खायचं काय असतं ते न्हाई विचारत मी. तिकडं कुणी मेलं की शेजारच्या बाया कॅसरोल घेऊन येतात. त्या घरात चूल पेटत नसंल म्हणून. म्हणजे आपली पिठलं-भाकरी की!"

"तिकडं म्हणजे कुठे?" मी विचारलं.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ड्रॉवरमधून एक पुस्तक काढून माझ्यापुढे सरकवलं. त्याला शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कव्हर होतं. वर लेबल, लेबलवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात 'गणित, भाग २'. आत एक गुलाबी मुखपृष्ठ. लाकडी घराचा ओटा, ओट्यावर झोपाळा, झोपाळ्यावर एक मुलगी आणि तिच्या पायाशी कुत्रा.

त्याची हकिकत अशी की, कुणा पालकांच्या परदेशातल्या नातेवाइकांनी शाळेला पुस्तकांची खोकी पाठवली होती. परीकथा आणि विश्वकोश वाचनालयात गेले. या कादंबऱ्या निघाल्या तेव्हा मुख्याध्यापिकांनी दोन बोटांत धरून त्या उषाताईंकडे दिल्या आणि रद्दीत घालायला सांगितलं. उषाताई "घालते" म्हणाल्या आणि पिशवीत भरून घरी घेऊन गेल्या. एकाच मालिकेतली पुस्तकं होती, अमेरिकेतल्या एका लहानशा गावातली. मधली काही नव्हती. गावाला नाव होतं, पण उषाताई त्याला नुसतं 'तिकडं' म्हणायच्या, बायका माहेराला म्हणतात तसं.

"आणि गणित का?" मी लेबलाकडे बोट दाखवून विचारलं.

"घरी भावजय हाय ना. ती गणिताला हात लावत न्हाई."

उषाताईंचं लग्न झालेलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. जिंतूरला त्या धाकट्या भावाकडे राहायच्या. सुरेश बँकेत होता, त्याची बायको वैशाली आणि दोन मुलं. अंथरुणाला खिळलेली आई होती, तिचं सगळं उषाताई करायच्या. शाळेत यायच्या आधी आणि शाळेतून गेल्यावर. मधला वेळ खिडकीचा.

त्यांचं वाचन संथ होतं. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. स्टाफरूममध्ये त्यांच्या उच्चारांच्या नकला व्हायच्या, हे त्यांना माहीत होतं. "मला कुठं भाषण करायचंय," म्हणायच्या. एक पुस्तक त्यांना महिनाभर पुरायचं आणि महिनाभर त्या तिकडच्या असायच्या.

"हे बघ," एकदा त्यांनी मला समजावलं. तोवर 'मॅडम' गेलं होतं आणि मी 'पोरी' झाले होते. "गाव एकच. दर पुस्तकात एकाचं जमतं. बेकरीवालीचं झालं, सुताराचं झालं, त्या फुलांच्या दुकानवालीचं तर दुसऱ्यांदा झालं. आणि मागच्या पुस्तकात ज्यांचं जमलं ती माणसं पुढच्यात निवांत आइस्क्रीम खात फिरतात. मला हे लय आवडतं. आपल्याकडं लगीन झालं की गोष्ट संपती. मग ती बाई कुठं गेली, काय झालं तिचं, कुणी विचारत न्हाई. तिकडं दिसती ती. कडेवर लेकरू, हातात पिशवी. विचारपूस करता येती."

त्यांच्या तक्रारीही होत्या. "इतकी पुस्तकं झाली, त्या गावात एकदा बी लाईट गेली न्हाई." किंवा, "शेती कोण करतंय कळत न्हाई गं. सगळे नुसते केकच भाजायलेत."

पहिलं पुस्तक त्यांनी मला वाचायला दिलं तेव्हा बजावलं, "मधी मधी पिना मारल्यात. काढायच्या न्हाईत."

घरी येऊन बघितलं. दोन-तीन ठिकाणी पानांचे गठ्ठे शाळेच्या स्टेपलरनं कडेला घट्ट बंद केलेले होते. मी दुसऱ्या दिवशी काही विचारलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर दिसलं असेल.

"त्यांनी दार लावून घेतलंय," उषाताई म्हणाल्या. "आपण कशाला जायचं आत? ते त्यांचं त्यांना असू दे."

"पण न वाचता कसं कळतं, कुठून कुठपर्यंत मारायच्या?"

"शर्टाची बटनं सुटायला लागली की मी थांबते. मग पुढची पानं चाळत जायची. दोघं नाश्त्याला बसलेले दिसले की तिथपर्यंत पिना."

मला हसू आलं. शाळेत मी मोठ्यानं हसले ते बहुधा तेव्हाच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मी एखादी अवघड बेरीज बरोबर केली आहे.

त्या गावात एक बाई होती, मार्था. पोस्टाच्या खिडकीवर बसायची. पन्नाशी ओलांडलेली, धाकट्या भावांना मोठं करून मोकळी झालेली. प्रत्येक पुस्तकात ती असायची, पण अर्ध्या-एक पानापुरती. कुणाचं पत्र हातात ठेवायची, चार शब्द बोलायची आणि त्या शब्दांनी नायिकेचं डोकं ठिकाणावर यायचं. मग गोष्ट नायिकेबरोबर पुढे जायची आणि मार्था खिडकीत राहायची. उषाताई तिला मार्थाबाई म्हणायच्या. गावात जनावरांचा एक डॉक्टर होता, बायको वारलेला. तो पोस्टात यायचा, एकच तिकीट घ्यायचा आणि जायचा.

"रोज एक तिकीट कशाला लागतंय माणसाला?" उषाताई म्हणाल्या. "एकदम पानभर घेऊन ठेवावीत की. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई हे. लिहिणारीच्या तरी आलंय का कुणास ठाऊक." आणि मग, शिक्का शाईवर दाबत, "सगळ्यांची पुस्तकं आली. मार्थाबाईंचं अजून न्हाई आलं."

मालिकेतली उरलेली पुस्तकं मी त्यांना ऑनलाइन जुन्यातली मागवून द्यायला लागले. शेवटी बाजारात होतं तेवढं सगळं झालं. मार्थाबाईंचं नव्हतंच.

त्याच काळात बाबा गेले. अचानक गेले. त्याबद्दल मला लिहायचं नाही. घर माणसांनी भरलं होतं, प्रत्येक जण मला जवळ घ्यायचा आणि मी कधी सोडतात याची वाट बघायचे. मला रडू येत नव्हतं आणि त्याची कुजबुज चालली होती. दुपारी उषाताई आल्या. जिंतूरहून एसटीनं, चार पुडांचा डबा घेऊन. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात माझ्याशेजारी बसल्या, डबा पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "कॅसरोल आणलंय."

पिठलं होतं, ज्वारीच्या भाकरी होत्या आणि कागदात बांधलेला ठेचा. मी जेवले. मला वाटतं त्या दिवसांत मी तेवढंच नीट जेवले. त्या मला काहीबाही सांगत बसल्या. बाबांबद्दल एक शब्द नाही. तिकडं बेकरीचं शटर कसं पडलंय, बेकरीवालीनं त्या मुलाला नाही म्हणून कसा घोळ घातलाय, हे मी आधी वाचलेलंच सगळं. माझी आत्या भिंतीला टेकून ऐकत होती.

"कोण गं ती? नात्यातली हाय का?" आत्यानं विचारलं.

"ओळखीतली हाय," उषाताई म्हणाल्या.

"नाव किरिस्तावाचं दिसतंय."

"हाव. पर पोरगी गुणाची हाय."

"मग न्हाई कशाला म्हणली? असं स्थळ परत येतंय होय!" आत्या म्हणाली. पुढे सगळे दिवस होईपर्यंत ती मला अधूनमधून विचारायची, त्या बेकरीवाल्या पोरीचं काही जमलं का. मी "जमलं" म्हणून सांगितलं. त्या घरात तेवढी एकच चांगली बातमी होती.

मी शाळेत परतले. तोवर उषाताईंचं रिटायर होणं जवळ आलं होतं आणि त्यांच्या घरात एक गोष्ट ठरून गेली होती. सुरेशची बदली नांदेडला व्हायची होती. फ्लॅट लहान, आजारी माणसाला तिथे जागा नाही, म्हणून उषाताईंनी आईला घेऊन वालूरला, गावाकडच्या जुन्या घरी जाऊन राहायचं. हे ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं राहिलं असंही नाही, विचारायची गरज कुणाला वाटली नव्हती.

"मला न्हाई जायचं," त्या एकदाच म्हणाल्या, दाखल्यावर सही घेता घेता. "आईचं करायला ना न्हाई. इथं राहून बी करीन की मी. शाळेमागं एक खोली घ्यावी. सकाळचं वाचनालयाचं कपाट सांभाळीन, पगार नको मला. वालूरला घरं हायेत, माणसं हायेत, पर मला बोलायला कोण हाय तिथं? इथं खिडकी हाय."

"मग भावाला सांगा ना."

"सांगायचंय. शब्द जुळवायलेय." मग जरा थांबून, "मार्थाबाई कशा सांगतात बघू. त्यांना बी भावालाच सांगायचं हाय. त्यांचं पुस्तक येऊ दे."

हे त्यांनी थट्टेत म्हटलं की कसं, मला तेव्हाही कळलं नाही.

संध्याकाळी मी बसमध्ये असताना त्यांचा फोन यायचा. वाटेतलं बोरी गाव येईपर्यंत आम्ही बोलायचो. म्हणजे त्या बोलायच्या. मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात डॉक्टरनं मार्थाबाईंना विचारून टाकलं होतं आणि पुस्तक तिथंच संपलं होतं. त्यांनी काय उत्तर दिलं, ते पुढच्या पुस्तकात. पुढचं पुस्तक अजून लिहून व्हायचं होतं. उषाताईंना दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांच्या घरी ओट्यावर उभ्या राहून त्या सांगायच्या, "डॉक्टर तयार हाय गं. हिचंच पाऊल निघंना. या वयात लोक काय म्हणतील, भावाला कसं सांगावं, तेच घेऊन बसलीय." आत वैशाली कणीक मळत ऐकत होती. ते आम्हाला नंतर कळलं.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी उषाताईंबरोबर त्यांच्या घरी गेले. त्यांना एक पुस्तक परत द्यायचं होतं आणि माझ्या बसला वेळ होता. सुरेश घरी होता, इस्त्रीचा शर्ट घालून. उषाताई आईला बघायला आतल्या खोलीत गेल्या. वैशालीनं मला पाणी दिलं आणि समोर उभी राहिली.

"मॅडम, तुमाला तर ठाऊकच असंल सगळं."

"काय?"

"ऱ्हाऊ द्या. तुमी कशाला सांगताल!"

मी पाणी प्यायले. मला अशा वेळी बोलता येत नाही आणि बहुधा म्हणूनच तिची खात्री पटली. तेवढ्यात दारात स्कूटर थांबली आणि गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आत आले. जाडे, घामेजलेले, हातात बॅग. मी त्यांना ओळखत होते. त्यांची नात आमच्या शाळेत होती. त्यांची बायको आदल्या वर्षी वारली होती, हे तालुक्याच्या गावात सगळ्यांना माहीत असतं तसं मलाही माहीत होतं.

"जनावर कुठंय?" त्यांनी विचारलं.

"जनावर न्हाई," सुरेश म्हणाला. "बसा की डॉक्टरसाहेब. वैशाली, चहा टाक."

"तुमीच फोन केलता ना, अर्जंट या म्हणून?"

"बसा तर खरं."

डॉक्टर बसले. बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर. सुरेशनं घसा साफ केला. त्यानं डॉक्टरांना उन्हाचं विचारलं, बदल्यांचं विचारलं आणि मग घरी कोण कोण असतं ते विचारलं.

"लेक असती, नात असती."

"म्हणजे तसे एकटेच म्हणायचे."

"तसंच म्हणा. का?"

"न्हाई, आमच्या ताईची नि तुमची ओळख कधीपासून?"

"ताईंची?" डॉक्टर गोंधळले. "शाळेच्या खिडकीवर. नातीचा दाखला काढायला गेलतो."

"झालं, खिडकीच निघाली ना!" वैशाली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "हे बघा, आमी काय तुमाला नावं ठेवायला बोलावलं न्हाई. आमी ऐकलंय सगळं फोनवर. तुमी तयार हाव, यांचंच पाऊल निघंना."

उषाताई ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्या नाही म्हणाल्या नाहीत. निदान लगेच नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि सुरेश त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर बघत राहिल्या. तो पहिल्यांदाच त्यांना घरातून जाऊ शकणारं माणूस म्हणून बघत होता. घाबरला होता, आणि थोडा अदबीनं बसला होता.

मग त्या आत गेल्या आणि 'गणित, भाग २' आणून टीपॉयवर ठेवलं. कव्हर काढलं.

"हे हाय सगळं," त्या म्हणाल्या. "मी पोरीला यातलं सांगायले रोज. पोस्टातली बाई हाय एक. आणि एक डॉक्टर हाय."

सुरेशनं पुस्तक उचललं, कुत्र्याचं चित्र बघितलं आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "पुस्तकातलं होय! हात्तिच्या! ताई, तू बी ना!"

"माझा जीव भांड्यात पडला बाई," वैशाली म्हणाली. "म्हणलं, आता आईंना कोण बघणार? वालूरचं सगळं ठरलेलं!"

उषाताई पण हसल्या थोड्या. हसायला लागतं म्हणून हसतात तसं.

डॉक्टर हसत नव्हते. त्यांनी बॅग खाली ठेवली होती.

"मग?" त्यांनी विचारलं. "ती काय म्हणली?"

"कोण?" उषाताई म्हणाल्या.

"पोस्टातली बाई."

"तिचं पुस्तक अजून आलं न्हाई."

"अरे, अरे," डॉक्टर म्हणाले, मनापासून. मग विचार करून, "तो डॉक्टर काय तपासतो? म्हशी?"

"म्हशी न्हाईत तिकडं. घोडे, कुत्रे."

"मग सोपंय त्याचं."

चहा आला. डॉक्टरांनी पहिल्यापासून सगळं विचारलं आणि उषाताईंनी सांगितलं. एकेका तिकिटाचं त्यांना फार आवडलं. "हुशार गडी हाय," म्हणाले. सुरेशचं हसणं तोवर विरून गेलं होतं आणि तो मोबाइल बघत बसला होता. निघताना डॉक्टर दारात थांबले. "ते पुस्तक आलं की सांगा," म्हणाले आणि स्कूटरला किक मारून गेले.

त्यानंतर ते नातीला न्यायला आले की कधी कधी खिडकीशी थांबायचे. "काय म्हणतंय तिकडचं?" "अजून न्हाई," उषाताई म्हणायच्या. एवढंच. याहून जास्त काही मी पाहिलं नाही आणि पाहिलं असतं तर लिहिलं नसतं.

भावाला सांगायचे शब्द मात्र जुळले नाहीत. त्या शनिवारनंतर तर घरात कुठलाही विषय निघाला की सुरेश म्हणायचा, "हे खरं का पुस्तकातलं?" आणि मुलं हसायची. शाळेनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मुख्याध्यापिकांनी भाषणात त्यांना 'शाळेचा कणा' म्हटलं. उषाताईंनी ड्रॉवर मोकळा केला, स्टेपलर माझ्या हातात दिला आणि आईला घेऊन वालूरला गेल्या. खिडकीत एक नवी मुलगी बसायला लागली. ती कानात हेडफोन घालून बसायची. मला वाईट वाटायला हवं होतं. मी हजेरी घेतली, वह्या तपासल्या, बस पकडली. फोन यायचे, पण वालूरला रेंज नसायची आणि बोलणं तुटायचं.

मार्थाबाईंचं पुस्तक आलं ते त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. मी मागवलं. शाळेच्या पत्त्यावर आलं तेव्हा मी ते उघडलंसुद्धा नाही. खाकी कव्हर घातलं, लेबलवर 'गणित' लिहिलं आणि वालूरजवळच्या सेलूला रोज जाणाऱ्या एका पालकांकडे दिलं. ते पोचलं असा उषाताईंचा निरोप आला. पुढे काही नाही. फोन नाही, तिकडची खबर नाही. मग एक दिवस कळलं की त्यांची आई गेली.

रविवारी मी सेलूला उतरून वालूरची बस धरली. हातात डबा होता. मला पिठलं धड करता येत नाही. गुठळ्या झाल्या होत्या. घरात नांदेडची माणसं होती, चुलत्यांकडची होती. उषाताई ओसरीत एका कडेला बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते आणि अंगठा अगदी स्वच्छ होता. मी डबा पुढे ठेवला. जो शब्द म्हणायचा तो मला म्हणता आला नाही. त्यांनी झाकण काढून बघितलं.

"कॅसरोल," त्याच म्हणाल्या.

मी त्यांच्याशेजारी बसले. त्या जेवल्या. गुठळ्या बोटानं फोडून जेवल्या. मग मी विचारलं, "वाचलं?"

"दोनदा."

"काय म्हणतात मार्थाबाई?"

"डॉक्टरचं काही न्हाई त्याच्यात," त्या म्हणाल्या. "तो तर तयारच होता. समदं पुस्तक भावाला सांगण्यात गेलंय. दर पानावर वाटतं आता सांगंल, आता सांगंल. आणि सांगितलं तेव्हा एका ओळीत. मी म्हणलं, एवढंच होय? एका ओळीसाठी मी इतकी वर्षं थांबले!"

तेवढ्यात सुरेश आला. माझ्याकडे बघून मान हलवली, बहिणीला म्हणाला, "ताई, दिवस झाले की तुझं सामान नांदेडलाच नेऊ. आता इथं काय हाय? पोरांना बी तुझ्याशिवाय करमत न्हाई. वैशालीला नोकरीचं बघायचंय, तू असलीस की घर सांभाळशील."

उषाताईंनी डब्याचं झाकण लावलं.

"मी जिंतूरला खोली घेणार हाय," त्या म्हणाल्या. "शाळेमागं."

 वैशाली दारात होती. तिनं सवयीनं विचारलं, "हे पुस्तकातलं का?"

"न्हाई. हे माझं हाय."

कुणी हसलं नाही. सुरेश म्हणाला, "बघू नंतर," उषाताई म्हणाल्या, "बघायचं काही न्हाई," आणि आवाज चढवला नाही. आत कुणीतरी चहाचे कप धूत होतं, ते थांबलं. मग परत सुरू झालं.

बसपर्यंत सोडायला त्या आल्या नाहीत. सुतकात बाहेर पडत नाहीत. ओसरीच्या कडेपर्यंत आल्या. पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "खोली बघून ये. खिडकी रस्त्यावर पाहिजे."

"डॉक्टर विचारत होते," मी म्हणाले. खरंच विचारत होते. मी सांगायचं की नाही याचा सकाळपासून विचार करत होते. "पुस्तक आलं का म्हणून."

त्यांनी डब्याची पिशवी माझ्या खांद्यावर नीट केली.

"आलं म्हणावं. शेवट सांगू नको मात्र त्यांना. तो मी सांगीन."

कोपऱ्यावर वळून मी बघितलं तेव्हा त्या तिथंच उभ्या होत्या. एक हात खांबावर, दुसऱ्या हातानं अंबाड्यात काहीतरी चाचपत. पेन्सिल नव्हती तिथे.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना कापूस होता, वेचून झालेला. मी पुस्तक मांडीवर घेऊन पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. पिना लागल्या नाहीत. मला वाटलं, मार्थाबाईंच्या पुस्तकात तसं काही नसेलच. मग शेवटाजवळ एका ठिकाणी पानं जरा वेगळी वाटली म्हणून उजेडात धरली. कडेला दोन बारीक भोकं होती, सगळ्या पानांतून आरपार, एकाखाली एक. वालूरला स्टेपलर कुठून मिळवला कुणास ठाऊक, पण पिन मारली होती. नंतर ती नखानं, कागद न फाडता, काढली होती.

त्या पानांवर काय होतं मला माहीत नाही. मी पुस्तक मिटलं. ते त्यांचं त्यांना असू दे.